दूध कमी आहे हे आधी मोजून बघ, मग पावडरचं ठरव

तुझा प्रश्न नीट वाचला, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडते. सिझेरियन झालंय, मुलगी आज २४ दिवसांची. जन्माचं वजन २.९ किलो, चौथ्या दिवशी डिस्चार्जला २.७, पंधराव्या दिवशी २.९५. तिसऱ्या दिवशी "अजून दूध उतरलं नाही" म्हणून हॉस्पिटलात पावडरचं दूध सुरू झालं, ते आजही रात्री दोन वेळा चालू आहे, ४०-५० मिली. दिवसा अंगावर पितेय पण सोडतच नाही, संध्याकाळी तर तीन-तीन तास चिकटलेली असते. निपलला भेगा. पंप लावला तर दोन्हीकडून मिळून जेमतेम ३० मिली. तू माहेरी, नवरा पुण्यात, आई म्हणते आपल्याकडे बायकांना दूध कमीच असतं, सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात पोर वाळलीये, वरचं दूध वाढवा. आणि तू विचारतेयस की दूध वाढायला काय खाऊ, मिल्क बँकेतून (इतर आयांनी दिलेलं दूध साठवतात तिथून) दूध मिळेल का, की सरळ पावडरवर टाकू.

मी आधी बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होते, मग स्तनपान समुपदेशनाचं ट्रेनिंग घेतलं आणि आता बरीच वर्षं हेच काम करतेय. तुला तू म्हणते, चालेल ना. तुला पाजताना मी पाहिलेलं नाही, बाळाचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे मी जे लिहितेय ते तू दिलेल्या माहितीवरून, आणि यातलं बरंचसं पुढच्या वजनावर ठरेल. पण तुझ्या मेसेजमध्ये मला तीन वेगळे प्रश्न दिसतायत जे "दूध कमी आहे" या एकाच वाक्यात गुंडाळले गेलेत. दूध खरंच कमी आहे का हा एक. पाजताना दुखतंय म्हणजे बाळ नीट धरत नसावं हा दुसरा. आणि तिसरा असा की तुझ्या आजूबाजूला सांगणारे खूप आहेत पण तुझ्या हातातलं काम घेणारं कोणी नाही. काय खाऊ हा प्रश्न या तिन्हींच्या मागून येतो.

पुढचं वाचायच्या आधी एवढं तपास. बाळ पाजायलाही उठत नाही इतकं सुस्त आहे, चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी होतेय किंवा लघवी गडद पिवळी-केशरी आहे, टाळू खोल गेलीये, डोळे आणि अंग पिवळं दिसतंय आणि ते वाढतंय, ताप आहे किंवा अंग गार लागतंय, यातलं काहीही असेल तर इथल्या उत्तरांची वाट बघू नको, आजच बालरोगतज्ज्ञांकडे जा. तू लिहिलंयस की दिवसाला सात-आठ लंगोट ओले होतात, शी पिवळी आहे, जागी असली की टक लावून बघते, म्हणून मी पुढचं निवांतपणे लिहितेय.

आता दूध पुरतंय का. हे बाळाच्या रडण्यावरून, तुझी छाती भरलेली वाटते की नाही यावरून, किंवा सासूबाईंना मोबाईलच्या स्क्रीनवर गाल कसे दिसतात यावरून ठरत नाही. ते ठरतं लघवी, शी आणि वजन यावरून. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा भरपूर लघवी, ती फिकट, हे आत दूध जातंय त्याचं लक्षण. वजनाचं असं की जन्मानंतर पहिल्या दिवसांत ते उतरतंच, सात टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं आहे, दहाच्या जवळ गेलं तर मात्र बारकाईने बघावं लागतं. तुझ्या लेकीचं २०० ग्रॅम उतरलं, म्हणजे सात टक्क्यांच्या आतच. साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यावं लागतं, ते आलं. चौथ्या ते पंधराव्या दिवसात २५० ग्रॅम वाढलं म्हणजे रोजचे २२-२३ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम वाढ असेल तर आम्ही समाधानी असतो.

तू म्हणशील यात पावडरचं दूध पण आहे की. बरोबर, म्हणून तोही हिशोब करू. या वयाच्या बाळाला किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली दूध लागतं, तीन किलोच्या आसपासचं बाळ म्हणजे ४३०-४५० मिली. त्यातले पावडरचे ८० ते १०० मिली. मग उरलेले साडेतीनशेच्या आसपास मिली कुठून आले? तुझ्या अंगावरून. हा अंदाज आहे, काटेकोर मोजमाप नाही, पण ज्या बाईला घरातले रोज म्हणतायत की तुला दूधच नाही तिने हा आकडा कागदावर लिहून कपाटावर चिकटवावा असं मला मनापासून वाटतं.

पंपाचं सांगते कारण त्यानेच तू सगळ्यात जास्त घाबरलीयस. पंपाला किती निघतं आणि बाळाला किती मिळतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाजून झाल्यावर लगेच पंप लावलास तर ३० मिली हे चांगलंच आहे, कारण बाळाने आधीच काढून घेतलंय. पंपाचा कप निपलच्या मापाचा नसेल तर कमी येतं, आणि मन ताणात असेल, आई बाजूला उभी राहून "बघू किती आलं" म्हणत असेल तर आणखी कमी येतं. दूध तयार होणं आणि दूध बाहेर येणं हे दोन वेगवेगळ्या हार्मोन्सचं काम आहे, बाहेर येण्याचं काम ऑक्सिटोसिनचं, यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो, आणि दुखणं, भीती, अपमान याने ते अडतं. पंप म्हणजे प्लास्टिक, त्याला बघून पान्हा फुटायला वेळ लागतो. एवढ्यावरून दूध कमी हा निष्कर्ष काढू नको. तसंच तीन-चार आठवड्यांनी छाती पहिल्यासारखी टणक लागेनाशी होते, कपड्यांवर गळत नाही, तेव्हा बायका म्हणतात दूध आटलं. आटलेलं नसतं, शरीराला अंदाज आलेला असतो.

तिसऱ्या दिवशी दूध उतरलं नव्हतं म्हणतेस, तर पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, अगदी थोडा, चमच्यात मावेल एवढा, आणि पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी तेवढाच लागतो. भरपूर दूध दुसऱ्या ते पाचव्या दिवसात कधीतरी उतरतं, पहिलं बाळंतपण, सिझेरियन, डायबेटिस, जास्त रक्तस्राव यात आणखी एखाद-दोन दिवस उशीर होतो. पावडर द्यायलाच नको होती असं मी इथे बसून म्हणणार नाही, साखर कमी होणं, कावीळ, जास्त वजन उतरणं अशी खरी कारणं असतात. पण सुरू करताना ती कधी आणि कशी थांबवायची हे कोणीतरी सांगायला हवं होतं, ते तुला कोणी सांगितलं नाही, आणि बाळ छातीला कसं लावायचं हेही टाके दुखत असताना कोणी शेजारी बसून दाखवलं नाही. ही तुझी एकटीची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशात जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेल्या बाळांचं प्रमाण ४१.८ टक्के आलं, आणि बहुतेक बाळंतपणं आता दवाखान्यातच होतात. म्हणजे बाई दवाखान्यात पोचली, पण ही मदत तिच्यापर्यंत पोचली नाही.

रात्रीच्या पावडरीबद्दल. घरच्यांचा हेतू चांगला आहे, तुला झोप मिळावी. पण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, आणि पहिल्या महिन्या-दीड महिन्यात छाती किती वेळा आणि किती मोकळी होते त्यावर पुढचा पुरवठा बसतो. छाती भरून राहिली की शरीराला कळतं की मागणी नाही, तयार होणं मंदावतं. रात्री दोनदा पावडर म्हणजे रोज पाच-सहा तासांची गॅप पडतेय. त्यामुळे सकाळी बाळ जास्त ओढतं, तुम्हाला वाटतं कमी पडलं, मग आणखी पावडर. या चक्रात मी कितीतरी जणींना अडकलेलं बघितलंय आणि त्यांच्यातल्या बहुतेकींना सुरुवातीला पुरेसं दूध होतं. तरी पावडर आज रात्रीपासून एकदम बंद करू नको. आधी बाळ नीट लावायला शीक, वजन कर, मग प्रत्येक वेळचे १० मिली कमी, दोन-तीन दिवस लघवी बघायची, मग पुढचे १०, दर तीन-चार दिवसांनी वजन, आणि हे सगळं बाळाच्या डॉक्टरांना सांगून. वजनाची वाढ मंदावली तर थांबायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाळ छातीला लावणं. भेगा आहेत याचा अर्थ बाळ फक्त निपल चोखतंय, खालचा काळसर भाग तोंडात घेत नाहीये. बाळ निपलवर लटकलं की तुला दुखतं, त्याला दूध कमी येतं, मग ते तासभर सोडत नाही. तुझ्या तीन-तीन तासांचं निम्मं कारण इथे असू शकतं. डाव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळाला उजव्या हाताने धर, तळहात त्याच्या खांद्यांच्या मध्ये, अंगठा आणि बोटं कानांच्या मागे मानेला, डोक्यावर मागून दाब द्यायचा नाही. बाळाचं पोट तुझ्या पोटाला पूर्ण चिकटलेलं, मान वळलेली नको. डाव्या हाताने स्तन खालून धरायचा, बोटं काळ्या भागापासून लांब, आणि बाळाचे ओठ ज्या दिशेला उघडतात त्याच दिशेने हलकेच दाबायचा. बाळाचं नाक निपलसमोर आण, वरच्या ओठाला निपल लागू दे, आणि थांब. जांभई देतं तेवढं तोंड उघडेपर्यंत थांब, इथे सगळ्याजणी घाई करतात. उघडलं की बाळाला छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही, हनुवटी आधी टेकली पाहिजे. बरोबर लागलं तर हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरून जास्त दिसतो आणि खालून जवळजवळ दिसत नाही, नाक मोकळं. पहिले काही सेकंद ओढ जाणवली तर ठीक, पण त्यानंतरही टोचत असेल तर बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात करंगळी घालून सोडव आणि परत लाव. दहा वेळा परत लावावं लागलं तरी लाव. सुटल्यावर निपल गोल असायला हवं, चपटं, तिरकं किंवा पांढरं पडलेलं असेल तर लागलेलं चुकलं.

दूध गिळतंय का हे बघायला हनुवटीकडे बघ. सुरुवातीला भराभर चोखतं, पान्हा आला की हनुवटी खाली जाते, क्षणभर थांबते, आणि हलका "क्ह" असा आवाज येतो. ते गिळणं. गिळणं थांबून नुसतं चुळबुळ चोखणं राहिलं की छाती हलकी दाब, परत गिळेल, मग दुसरी बाजू दे. आयआयटी मुंबईच्या हेल्थ स्पोकन ट्युटोरियलमध्ये ही पद्धत मराठीत व्हिडिओ करून दाखवलीये, फुकट आहे, तो तू आणि आई दोघी मिळून बघा, ती शेजारी बसून हनुवटी बघेल, कारण वरून तुला खालची बाजू दिसत नाही. टाक्यांवर ओझं येत असेल तर बाळाचे पाय तुझ्या काखेतून मागे नेऊन पाजायची पोझिशन करून बघ, आणि रात्री कुशीवर झोपून. झोपून पाजताना गादी सपाट, बाळाजवळ जाड उशा-गोधड्या नकोत, सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन डुलकी लागू द्यायची नाही, आणि गुंगीची गोळी घेतली असेल त्या रात्री बाळ वेगळं झोपवायचं.

हे सगळं करून तीन-चार दिवसांत दुखणं कमी झालं नाही तर कोणीतरी प्रत्यक्ष बघायला हवं, काही बाळांची जीभ खाली चिकटलेली असते आणि ते वाचून कळत नाही. तोपर्यंत भेगांवर स्वतःचं दूध लावून वाळू दे, लॅनोलिनचं मलम चालेल, साबण नको. छातीत लाल, गरम, दुखणारी गाठ आणि ताप आला तर पाजणं थांबवायचं नाही, थंड शेक घ्यायचा, जोरजोरात चोळायचं नाही. मालिशवाल्या बाईंना हे स्पष्ट सांग, गाठ फोडायच्या नादात त्या फार दाबतात आणि सूज वाढते. चोवीस तासांत उतार नाही तर डॉक्टर.

संध्याकाळचं सलग पिणं बऱ्याच बाळांचं असतं. संध्याकाळी ती थोडं-थोडं, जवळजवळ पितात, चिडचिड करतात, मग रात्री एक बरी झोप काढतात. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास हे वाढतं, तुझी २४ दिवसांची आहे, म्हणजे तू नेमकी त्यात आहेस. दिवसात आठ ते बारा वेळा पाजणं या वयात नेहमीचंच. त्या वेळेसाठी आधीच तयारी करून बस, जेवण साडेसहालाच उरकून घे, पाण्याची बाटली, पाठीला उशी, आणि त्या तीन तासांत पाहुणे नकोत.

खाण्याचं. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, शेपू, मेथी, बाळंतशेपा, सगळं खा, आवडीने खा, मी याच्या विरोधात अजिबात नाही. त्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, तूप-गुळाची ताकद आहे, आणि तुला पहिल्या सहा महिन्यांत रोजच्यापेक्षा साधारण ५००-६०० कॅलरी जास्त लागतातच. पण लाडवाने दूध वाढतं असं धरून बसायचं नाही. दूध वाढतं बाळाने ओढल्याने. आणि तू लिहिलंयस की पाणी कमी देतात, डाळ-भाजी बंद, नुसता मऊ भात आणि तूप, तर ते पथ्य आजच मोड. तहान लागेल तेवढं पाणी प्यायचं, वरण, उसळ, भाजी, अंडी किंवा मासे खात असशील तर तेही. पाणी प्यायल्याने बाळाला सर्दी होत नाही. दूध वाढायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नको.

बाळाला मात्र गुटी नको, मध नको (वर्षाच्या आत मधाने बोटुलिझम या गंभीर आजाराचा धोका असतो), पाणी नको, ग्राइप वॉटर नको. उन्हाळा असला तरी पाणी अंगावरच्या दुधातूनच मिळतं. व्हिटॅमिन डीचे थेंब, रोज ४०० युनिट, तेवढे डॉक्टरांनी दिले असतील तर चालू ठेव, दिले नसतील तर विचार.

आईबद्दल लिहिते. तिने म्हटलं की माझंही दूध कमी होतं, तुला वरच्या दुधावर वाढवलं. तुला ते टोमण्यासारखं लागलं असेल पण मला त्यात तिचं स्वतःचं दुःख ऐकू येतं. तिच्या वेळी अनेक दवाखान्यांत बाळ आईपासून लांब पाळणाघरात ठेवायचे, तीन-तीन तासांनी घड्याळ लावून पाजायला सांगायचे, आणि पावडरच्या डब्यांवर गुटगुटीत बाळांची चित्रं असायची. डब्यांच्या जाहिरातींवर आणि फुकट सॅम्पलवर बंदी घालणारा कायदा १९९२ साली आला आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं आयांना कोणी सांगितलंच नाही की दूध कमी का पडलं. घराण्यात दूध कमी असं फार क्वचित असतं, घराण्यात मदत न मिळणं मात्र आईकडून लेकीकडे येतं. आईला हे भांडून सांगू नको, तिला कामाला लाव, हनुवटी बघायला बसव. मी पाहिलंय, ज्या आज्या आधी डबा घेऊन उभ्या असतात त्यांनाच एकदा गिळण्याचा आवाज ऐकू आला की त्या पुढे कोणाला डबा उघडू देत नाहीत.

आणि तुझ्या मेसेजची ती एक ओळ, "कधीकधी वाटतं हिला आईकडे सोडून कुठेतरी निघून जावं". तू ती घाईत लिहून पुढे गेलीस, मी नाही जाऊ शकत. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात रडू येणं, मन भरून येणं खूप जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. तुला तीन आठवडे होऊन गेलेत. बाळ झोपलं तरी तुला झोप येत नाही, भूक नाही, सतत धास्ती, आपण वाईट आई आहोत असं वाटत राहतं, हे चालू असेल तर ते दुधाच्या प्रश्नाइतकंच, माझ्या मते त्याहून आधी बघायचं. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन हा आजार आहे, बरा होतो, आणि अंगावर पाजत असताना घेता येतात अशी औषधं आहेत. तुझ्या डॉक्टरांना ही ओळ जशीच्या तशी वाचून दाखव. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार आला तर त्याच क्षणी घरातल्या कोणाला तरी उठव, बाळ त्यांच्या हातात दे आणि दवाखान्यात जा.

आता मदत म्हणजे काय, कारण घरात सगळे म्हणतात आम्ही मदत करतोच की. पाजणं सोडून बाकी सगळं दुसरं कोणीतरी करू शकतं. रात्री बाळ उठलं की आईने किंवा बाबांनी लंगोट बदलून ते तुझ्याजवळ आणायचं, तू झोपूनच पाजायचं, झालं की त्यांनी घेऊन ढेकर काढायचा आणि झोपवायचं. तू उठायचंच नाही. असं केलं की रात्रीचं पाजणंही होतं आणि झोपही. नवऱ्याला सांग की शनिवार-रविवार येऊन फोटो काढण्यापेक्षा ती दोन रात्री पूर्ण त्याच्या, आणि त्याच्या आईच्या फोनवर उत्तर त्यानेच द्यायचं. "वजन बरोबर वाढतंय, डॉक्टरांनी सांगितलंय" एवढं वाक्य मुलाच्या तोंडून आलं की सासूबाई ऐकतात, सुनेच्या तोंडून तेच वाद होतो. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही, पण २४ दिवसांच्या बाळंतिणीने ती लढाई लढू नये.

तालुक्याच्या गावी आहेस तर आशाताईंना फोन कर. घरी येऊन नवजात बाळ बघण्याच्या त्यांच्या भेटी ठरलेल्या असतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, आणि त्यांच्याकडे वजनकाटा असतो. ही घरभेटीची पद्धत आपल्या गडचिरोलीतल्या सर्च संस्थेत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उभी केली, तीच पुढे देशभर गेली. तू माहेरी आल्याने नाव इकडच्या यादीत नसेल म्हणून कोणी आलं नसेल, तर तूच कळव. २८ वा दिवस चार दिवसांवर आहे.

मिल्क बँकेचं विचारलंस. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली, आता आणखीही शहरांत आहेत. पण तिथलं दूध कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या, आयसीयूमधल्या बाळांसाठी आधी असतं, घरी असलेल्या तुझ्या लेकीला ते मिळणार नाही आणि लागणारही नाही. ओळखीच्या कोणा बाईचं दूध तपासणीशिवाय देऊ नको.

आणि खरंच कमी निघालं तर? असं होतं, थोड्या जणींना होतं. थायरॉइड, बाळंतपणात खूप रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं, गरोदरपणात छाती अजिबात न वाढणं, स्तनांचं ऑपरेशन झालेलं असणं. वजन वाढत नसेल तर यांची तपासणी करून घे, आणि बाळाला जे कमी पडतंय ते पावडरीतून दे, त्यात लाज नाही. अंगावरचं अर्धं आणि पावडर अर्धी हेही चालतं, सगळं किंवा काहीच नाही असं नसतं. द्यायची तर नीट दे, उकळलेलं पाणी अजून चांगलं गरम, ७० अंशांच्या वर असताना पावडर घालायची, डब्यावर लिहिलंय तेवढीच, पुरवायला पातळ करायची नाही, कोमट झाल्यावर द्यायची, उरलेलं टाकून द्यायचं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, उकळून घेतलेलं. गाई-म्हशीचं दूध वर्षापर्यंत नाही.

नोकरीची काळजी तू आत्तापासून करतेयस, त्याला अजून वेळ आहे. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, त्यानंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते, आणि मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन ब्रेक कायद्याने मिळतात. एचआरला ईमेलवर विचार, तोंडी नको. आपल्याकडे शेतावर, ऊसतोडीला, घरकामाला जाणाऱ्या बायकांना यातलं काहीच मिळत नाही, महिन्या-दीड महिन्यात त्या कामावर असतात, हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

तर या आठवड्यात क्रम असा ठेव. उद्या सकाळी वजन, बाळाला कपडे न घालता, आणि पुढच्या प्रत्येक वेळी त्याच काट्यावर. उद्यापासून लघवी-शी वहीत लिहायची, आईला सांग ती लिहील. प्रत्येक पाजण्याला बाळ नीट लावायचा प्रयत्न. रात्रीचं पावडरचं दूध आहे तेवढंच राहू दे, पण आधी दोन्ही बाजूंना पाजून मग. पाण्याचं पथ्य बंद. डॉक्टरांना ती ओळ वाचून दाखवणं. पंप चार दिवस कपाटात.

उद्याचं वजन आणि बाळ सुटल्यावर निपल कसं दिसतं हे मला लिही, आकडा आला की पावडर कधीपासून आणि किती कमी करायची ते तुझ्या डॉक्टरांशी बोलायला सोपं जाईल. उद्याचं वजन ३.१ किलोच्या खाली निघालं तर मला लिहीत बसू नको, आधी त्यांना फोन कर.